मशीनला तेलपाणी, कामगाराला काय?



भोसरी, चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या बऱ्यापैकी कारखान्यात गेलात तर प्रत्येक मशीनच्या अंगावर एक कार्ड अडकवलेले दिसेल. तेल कधी बदलले, पट्टा कधी बदलला, पुढची तपासणी कोणत्या तारखेला, सगळे त्यावर लिहिलेले असते. मशीनचा विमा उतरवलेला असतो. ते बंद पडले तर सुपरवायझरपासून मालकापर्यंत सर्वांची धावपळ उडते. त्याच मशीनपुढे उभ्या असलेल्या पोराच्या खिशातही एक कार्ड असते. पण त्यावर बहुतेक वेळा कंपनीचे नाव नसते, ठेकेदाराचे असते. सलग सेवेचे २४० दिवस भरण्याआधी त्याला 'ब्रेक' मिळणार हे त्यालाही ठाऊक असते. मग तो दुसऱ्या गेटवर, दुसऱ्या ठेकेदाराकडे उभा राहतो. असे करीत दहा वर्षे जातात. दहा वर्षांनी त्याला काय येते? दोन बटणे दाबता येतात.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्यापुढे एक प्रश्न फिरून फिरून येतो. मुलगा आजच चाकणला हेल्पर म्हणून लागला तर महिन्याला बारा-पंधरा हजार घरात येतील. आयटीआयला घातला तर दोन वर्षे काहीच यायचे नाही, उलट बसभाडे आणि वह्या-पुस्तके आपल्यालाच द्यायची. पुढे शिकाऊ उमेदवारी केली तरी विद्यावेतन हेल्परच्या पगारापेक्षा कमीच. घरात थोरला आजारी, धाकटीची शाळा चालू. काय करावे? हा प्रश्न विचारणाऱ्या आई-बापांना कोणी अडाणी म्हणू नये. पोटाला चिमटा घेऊन ते विचारतात. आमचे उत्तर आम्ही आधीच सांगून टाकतो आणि मग त्याची कारणे देतो: घर कसेही ओढता येत असेल तर मुलाला हुन्नर शिकू द्या. आणि जो कारखाना आपल्या मुलाला शिकवायला तयार नाही, त्याला जाब विचारायला शिका.

कारणे समजण्यासाठी थोडे मागे, मुंबईच्या कापड गिरण्यांत जावे लागेल. त्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. चांगला पगार त्याच खात्यात होता. धोट्यातील सूत संपले की नवे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही कसा वापरायचा, असे स्पृश्य कामगार म्हणत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. नुसती मजुरी वाढवा एवढेच न म्हणता, आमच्या माणसांना ते खाते उघडा, ते काम शिकू द्या, असा त्यांचा आग्रह होता. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे तिथले त्यांचे प्रतिपादन सर्वांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचा हिशोबही मांडला होता. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, रेल्वेच्या कारखान्यांत तो मेकॅनिक किंवा फोरमन झालेला क्वचितच दिसतो, हे त्यांनी सांगितले. भाषणातला हा भाग आपण कमी वाचतो.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि एक साधी मागणीही केली: सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने सरकारच्याच हातात आहेत, तेव्हा तेथे अनुसूचित जातींची मुले शिकाऊ म्हणून घ्या. बॅरिस्टर झालेल्या, परदेशांत पदव्या मिळवलेल्या या महापुरुषाला छापखान्यातला खिळे जुळवणारा मुलगाही दिसत होता. भारतीय कारागिरांना तांत्रिक शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवणारी बेव्हिन योजनाही त्या काळात त्यांच्याच मजूर खात्याकडे होती. कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच खात्याची. दमलेला माणूस काही शिकू शकत नाही, याची जाण त्यामागे नव्हती असे कोण म्हणेल? सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा आम्हाला हे ४८ तास आठवले. आठवड्याची मर्यादा तीच राहील, जादा कामाचे दुप्पट पैसे मिळतील, असे सांगितले जाते. बारा तास उभे राहून चाकणहून पुण्यात घरी परतणारा मुलगा संध्याकाळच्या वर्गाला कधी जाईल, ते मात्र कोणी सांगत नाही.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. खडकी आणि देहूरोडच्या कारखान्यांत, डेपोंत आपल्या कितीतरी घरांतील आजोबा-पणजोबा कामाला होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ती अशाच कष्टकऱ्यांच्या वस्तीत. सरकारी कारखान्यातील कायम नोकरीने त्या पिढीला काय दिले? पगार तर दिलाच, पण दवाखाना दिला, क्वार्टर दिले, पेन्शन दिली आणि सेमी-स्किल्डवरून स्किल्डवर चढण्याची परीक्षा दिली. त्या परीक्षेच्या जोरावर घरातली पुढची पिढी शाळेत टिकली. आपल्या समाजातले आजचे शिक्षक, नर्स, बँकेतले अधिकारी यांच्या मागे पाहा. अनेकांच्या मागे असा एखादा टर्नर, फिटर नाहीतर स्टोअरकीपर उभा दिसेल. कामगारात पैसा घातला की तो कुठवर पोचतो याचा यापेक्षा मोठा पुरावा आम्हाला माहीत नाही. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या कंपन्या झाल्या. खडकीच्या कारखान्यात आता डेंजर बिल्डिंग वर्करच्या जागाही मुदतीच्या करारावर भरल्या जातात. काम तेच, धोका तोच, नोकरीचा भरवसा मात्र आजोबांबरोबर गेला.

खाजगी कारखानदारांतही जाणते लोक होते, हे आम्ही नाकारत नाही. १९६६ च्या सुमारास टेल्को पिंपरीत आली तेव्हा सुमंत मुळगावकर यांनी ट्रक बाहेर काढण्याची घाई केली नाही. आधी यंत्रे तयार करणारा विभाग आणि शिकाऊ मुलांचा प्रशिक्षण विभाग उभा राहिला. खेड्यापाड्यांतून आलेली पोरे तेथे वर्षभर कानस घेऊन लोखंडाचा तुकडा सपाट करीत बसत. ज्यांनी ती कानस घासली त्यांना विचारा. हाताला फोड यायचे, मास्तर व्हर्नियर लावून पुन्हा घासायला लावायचा. पण तीन वर्षांनी बाहेर पडणारा मुलगा ड्रॉइंग वाचायचा, मायक्रोमीटर धरायचा आणि कोणत्याही गेटवर मान वर करून जायचा. याच टेल्कोत १९८९ मध्ये कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण केले आणि पोलिसांनी ते मोडून काढले, हेही पुणेकरांना आठवत असेल. तो झगडा वेगळा, त्याचे गुणदोष वेगळे. पण एवढे खरे की शिकलेला कामगार स्वतःची किंमत ओळखतो. म्हणूनच काही मालकांना न शिकलेला कामगार बरा वाटतो, अशी शंका आम्हाला येते.

आज काय चित्र आहे? सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातील संघटित कारखान्यांत शंभरातले चाळीसहून अधिक कामगार कंत्राटी आहेत. उद्या जाणाऱ्या माणसावर आज खर्च कशाला, असा हिशोब कंपनीही करते आणि ठेकेदारही. हा हिशोब कामगाराच्या अंगावर कसा येतो, ते पॉवर प्रेसपाशी उभे राहिले की दिसते. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या लहान शेडमध्ये पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, प्रेस खाली येतो, तुकडा कापला किंवा वाकवला जातो, तो काढायचा, पुढचा ठेवायचा. दिवसाला हजारो वेळा. प्रेस पायाच्या पॅडलवर चालत असेल तर दोन्ही हात मोकळे असतात, म्हणजेच हात डायखाली असतानाही पाय दाबला जाऊ शकतो. दोन्ही हातांनी दोन वेगळी बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, अशी सोय करता येते. प्रेसपुढे प्रकाशाचा पडदा बसवला तर हात आत जाताच प्रेस थांबतो. ही साधने काही चंद्रावरून आणायची नाहीत. पण ती नसतात, किंवा असली तरी नग कमी निघतात म्हणून बंद करून ठेवतात. मग बोटे जातात. वाहन उद्योगातील जखमी कामगारांत काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून दरवर्षी अहवाल काढते आहे. हरियाणा आणि आपला महाराष्ट्र येथील हजारो जखमींची नोंद तिने केली. त्यांत प्रेसवर बोटे गमावलेले फार आहेत आणि अनेकांचे ईएसआयसी कार्ड अपघात झाल्यानंतर काढलेले आहे. तीन बोटे गेलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला कोणती कंपनी घेते, हे आम्ही लिहायला नको.

आणि बायका? ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथील रसायनांच्या कारखान्यात आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक महिला होत्या. पॅकिंगचे काम 'सोपे' म्हणून बायकांना देतात. ज्या मालाला आपण हात लावतो आहोत तो कशाने पेटतो, पेटला तर कोणत्या दाराने पळायचे, हे शिकवायला किती खर्च येतो? याच जिल्ह्यात दुसरी बाजूही आहे. टाटा मोटर्सने पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीची लाइन दीड हजार महिलांच्या हाती दिली, हे २०२२ मध्ये जाहीर झाले. मुलींना हे काम जमत नाही म्हणणाऱ्यांना त्या लाइनवर नेऊन उभे करावे. मुलगी फिटर झाली तर तिला स्थळ कोण देईल, अशी चिंता करणाऱ्या आपल्याच काही मावश्या-काक्यांनाही तिथे न्यावे!

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्या विहारांत अनेकदा वाचले जाते. मुलांनी आई-बापाशी कसे वागावे एवढ्यावर बहुधा प्रवचन थांबते. त्यात तथागतांनी मालकाचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची सेवा करावी, चांगलेचुंगले त्याच्याबरोबर वाटून घ्यावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कामगारानेही प्रामाणिकपणे, नीट काम करावे, न दिलेले घेऊ नये, असे त्याच सुत्तात आहे आणि तेही आपण पाळलेच पाहिजे. चांगलेचुंगले वाटून घेण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २०१३ साली चाकणच्या बजाज ऑटोमधील कामगारांनी संप केला, तेव्हा प्रत्येक कामगाराला एक रुपया दराने कंपनीचे ५०० शेअर द्यावेत अशी एक मागणी होती. कंपनीने ती मानली नाही आणि सुमारे पन्नास दिवसांनी संप मिटला. त्या मागणीला तेव्हा बरेच जण हसले. आम्हाला ती हसण्यासारखी वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्याने गाडी बनवली त्याने नफ्यात वाटा मागितला, एवढेच ते होते.

कायद्याचे थोडे बोलू, कारण इथेच आपली फसगत होते. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. १९७३ मध्ये त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आली. पण बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले १९९० साली, म्हणजे मधली सतरा वर्षे आपली किती मुले त्या दाराबाहेर राहिली असतील! आज तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला, ठेक्यावरची माणसे धरून, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार पाच हजारांपासून नऊ हजारांपर्यंत ठरवले. म्हणजे शिकवणे ही कंपनीची मेहेरबानी नाही. पण याच कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा 'कामगार' नसतो, आणि ही पळवाट अनेकांनी रस्ता करून टाकली आहे. २०१३ साली आलेल्या 'नीम' योजनेत 'ट्रेनी' म्हणून मुले घेऊन त्यांना सरळ उत्पादनावर उभे केल्याच्या तक्रारी आपल्या पट्ट्यात कमी नव्हत्या. ती योजना पुढे गुंडाळली गेली. 'ट्रेनी' ही पाटी मात्र गेली नाही.

म्हणून मुलगा किंवा मुलगी कंपनीत 'ट्रेनिंग'ला लागली असे कळले की आई-वडिलांनी पेढे वाटण्याआधी थोडी चौकशी करावी. करारपत्र झाले का आणि शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद आहे का? ट्रेड कोणता? फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन असे नाव असले पाहिजे. 'प्रॉडक्शन' हा काही ट्रेड नव्हे. शिकवणारा माणूस कोण, आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळणार का? इजा झाली तर शिकाऊ उमेदवारालाही भरपाई मिळते, हेही ध्यानात ठेवा. मुलगा साधा कामगार म्हणून लागला असेल तर नेमणूकपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन आणि ईएसआयसीचा नंबर पहिल्याच महिन्यात मागा. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी लागू होते. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कापला जातो पण नंबर नाही, असे असेल तर गप्प बसू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने ज्या चार कामगार संहिता लागू केल्या त्यांनी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. त्या संहितांत आम्हाला न पटणारे पुष्कळ आहे. एक गंमत पाहा. कामावरून कमी केलेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून निधी ठेवला आहे; मालकाने त्यात प्रत्येक कमी केलेल्या माणसामागे पंधरा दिवसांचा पगार भरायचा. म्हणजे कामावर असताना शिकवायचे नाही, काढून टाकल्यावर शिकायला पंधरा दिवसांचा पगार द्यायचा! संघटना असतील त्यांनी करार करताना बोनस आणि वाढीबरोबर हेही कलम घालावे: वर्षाला इतके दिवस पगारी प्रशिक्षण, आणि ठेक्यावरच्या माणसांनाही. कायम कामगारांच्या संघटना ठेक्यावरच्यांकडे पाठ फिरवतात, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे. गिरणीतल्या विणकाम खात्याची आठवण ज्या समाजाला आहे, त्यातल्या कायम कामगाराने तरी तसे करू नये.

जो आधीच लाइनवर आहे, वय तीस झाले, दोन लेकरे आहेत, त्याने काय करावे? प्रेस चालवणारा आणि डाय बसवणारा यांच्या पगारात फरक असतो. सीएनसीवर नग लावणारा आणि सेटिंग करणारा यांच्यात तर फारच. शिफ्ट संपल्यावर अर्धा तास सेटरच्या मागे उभे राहा, त्याचा डबा धुवावा लागला तरी चालेल. (आमच्या ओळखीचे दोन सेटर असेच तयार झाले.) ड्रॉइंग वाचायला शिका. पुण्यातच बार्टीचे मुख्यालय आहे, तेथून अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी कौशल्याचे वर्ग चालवले जातात. सध्या कोणता वर्ग सुरू आहे ते स्वतः जाऊन विचारा, कोणा पुढाऱ्याच्या चिठ्ठीची गरज नाही.

राहिला घरातल्या पैशाचा प्रश्न. सिगालोवाद सुत्तातच मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे: एक भाग संसाराला, दोन भाग कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी. आपल्या मिळकतीत असे दोन भाग निघत नाहीत, हे आम्हाला कळते. पण लग्नाच्या मांडवासाठी आणि डीजेसाठी व्याजाने पैसे काढणारी घरे मुलाच्या आयटीआयसाठी मात्र 'जमत नाही' म्हणतात, तेव्हा आम्हाला राग येतो. वस्तीतल्या महिला बचत गटांनी वर्षाला दोन-चार मुलांचे बसभाडे आणि हत्यारांचा खर्च उचलला तरी पुष्कळ होईल. विहार कमिट्यांनी जयंतीच्या वर्गणीतून एक हिस्सा यासाठी बाजूला काढावा, असे आम्ही पूर्वीही सुचवले आहे.

औंधची शासकीय आयटीआय आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेची मोरवाडीची आयटीआय या दोन्ही ठिकाणी कागद आधी तयार ठेवावे लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि रहिवासी दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवा. दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांग लागली की पहिल्या फेरीतली जागा हातची जाते. अर्ज करताना ट्रेडची पसंती मुलाला विचारून भरा. सायबर कॅफेवाल्याला विचारून नव्हे. पुढील अंकात ईएसआयसीच्या दवाखान्यातून काय काय मिळते आणि अपघातानंतर पहिल्या चोवीस तासांत कोणते कागद करायचे, ते पाहू.